टाकीच्या तळाशी

महानंदाचं पत्र आलं ते शिमग्याच्या सुमाराला, आणि दिवाळी होऊन गेली तरी मी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं. महानंदा म्हणजे माझ्या बायकोची, जगदेवीची, धाकटी बहीण. नांदेडला असते. हल्ली कोणी पत्र लिहीत नाही, पण मला फोनवर बोलता येत नाही हे तिला ठाऊक आहे. फोन कानाला लावला की समोरच्याचा चेहरा दिसत नाही आणि मी घाबरून प्रत्येक गोष्टीला हो-हो म्हणत सुटतो. तिला हो-हो नको होतं. म्हणून तिनं आंतरदेशीय पत्र घेतलं आणि मोठ्या अक्षरात चारच ओळी लिहिल्या:

'दाजी, अक्काची गाडी चालू होते का? होत असली तर मला द्या. मी स्वतः चालवत नांदेडला नेईन. होत नसली तर तसं लिहा, परत विचारणार नाही. पण काय ते खरं लिहा.'

खरं काय ते मला माहीत नव्हतं.

गाडी म्हणजे पांढरी मारुती, जुन्या बांधणीची. जगदेवी चाकूरच्या शाळेत शिक्षिका होती आणि लातूरहून रोज याच गाडीनं जायची यायची. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. गाडी शिकायचा प्रयत्न मी केला होता. दोन दिवस जगदेवीनं शिकवलं, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुम्ही आपले शेजारी बसून वाचत जावा." त्यानंतर जन्मभर मी डाव्या बाजूला बसलो. महानंदा मात्र तिच्याकडून चार सुट्ट्यांत पक्की शिकली. दोघी बहिणी पुढे बसायच्या, तेव्हा मला मागची सीट मिळायची.

आठ वर्षांपूर्वी आम्ही नांदेडहून परत येत होतो. जगदेवीला थकवा होता, पण चाकूरच्या अलीकडच्या पंपावर तिनं गाडी वळवलीच. "टाकी फुल्ल करा," म्हणाली. हा तिचा नेम होता. रिकामी घागर घेऊन घरात येऊ नये तशी रिकाम्या टाकीनं गाडी दारात आणू नये, असं ती म्हणायची. घरी आलो. त्या महिन्यातच तिला दवाखान्यात न्यावं लागलं आणि मग ती त्या गाडीत परत बसली नाही.

गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. मी तिच्यावरची धूळ पुसायचो. दसऱ्याला पूजा करायचो. पण इंजिनाची किल्ली कधी फिरवली नाही. फिरवून तरी मला काय करता आलं असतं?

महानंदाला उत्तर लिहायला मी किती वेळा बसलो ते सांगत नाही. दर वेळी कागदावर 'बहुधा' हा शब्द यायचा, नाहीतर 'कदाचित'. तिनं तर खरं लिहा म्हटलेलं. आणि मनातलं सांगायचं तर मला दोन्ही उत्तरांची भीती वाटत होती. गाडी मेलेली निघाली तर तसं माझ्या हातानं लिहावं लागणार. जिवंत निघाली तर शेड रिकामी होणार. न बघता उभी होती तोवर ती दोन्हीही नव्हती.

आमच्या शेजारी बसलिंगप्पा राहतो. माझ्याच वयाचा. त्याचं तेलाचं दुकान आता मुलगा चालवतो, त्यामुळे सकाळी माझ्याकडचा पेपर वाचणं आणि माझी चूक काढणं एवढंच काम त्याला उरलंय. दिवाळीनंतर एके दिवशी त्यानं माझ्या टेबलावरचं पुस्तक उघडलं आणि आत खुणेला घातलेलं महानंदाचं पत्र त्याच्या मांडीवर पडलं. परवानगी विचारणं त्याच्या स्वभावात नाही. चार ओळी वाचायला त्याला चार मिनिटं लागली.

"हे कवाचं हाय?"

"शिमग्याचं."

"आन् ह्याच्यावर काय कळवलास?"

मी पत्र त्याच्या हातातून घेऊन पुन्हा पुस्तकात घातलं.

"माणिकप्पा, अरे, ती बाई काय गाडी मागून राहिली, तुझी किडनी न्हाई." मग चष्मा वर करून तो माझ्याकडे नीट बघू लागला. "चालू होती का न्हाई, येवढंच इचारलंय. उघडून बघ की."

"मला कुठं कळतंय त्यातलं?"

"तुला कळत न्हाई हे पंचवीस हजार पुस्तकं वाचून कळलं का तुला? आपल्या लखनला बोलावतो उद्या."

पंचवीस हजार पुस्तकं मी वाचलेली नाहीत, नुसती सांभाळली. पण हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

लखन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. पस्तिशीचा, जाड मिशांचा, मोठ्यानं बोलणारा माणूस. औसा रस्त्याला त्याचं गॅरेज आहे. शेडमध्ये शिरल्या शिरल्या त्यानं बसलेल्या चारही टायरांना लाथ मारून बघितली, बोनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि आतूनच म्हणाला, "आयला, कार्बोरेटरची हाय! काका, म्या बी लई वर्षांनी ह्याला हात लावून राहिलो. आमच्या मामाकडं शिकलो हुतो. आता सगळ्या गाड्यांत कंपूटरच असतोय."

"म्हणजे जमंल का न्हाई?" बसलिंगप्पानं विचारलं.

"जमंल की. न जमाया काय झालं. पर आधी टाकी." तो बाहेर आला. "टाकीत काय हाय काका?"

"पेट्रोल," मी म्हणालो. "फुल्ल आहे."

"फुल्ल? आठ वर्सं?" त्यानं कपाळावर हात मारला. "आता त्याचं पेट्रोल ऱ्हायलं का काय झालं, कुणाला ठावं. ते सगळं काढावं लागतंय. तेवढंच इंजनात गेलं तर डिंक हुतोय डिंक. सगळी नळी चिकटती. नवीन पेट्रोल घालायचं तर जुन्याचा थेंब नको. ताकाच्या गाडग्यात दूध घातल्यावानी हुतंय."

सगळं काढायचं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. चाकूरच्या पंपावर जगदेवीनं खिडकीतून हात बाहेर काढून, मीटरवर शून्य दिसतंय का बघून भरून घेतलेलं ते पेट्रोल. मी म्हणालो, "थोडं राहिलं तर नाही का चालणार?"

"कशाला?" लखननं सरळच विचारलं.

मी टाकीच्या झाकणावरची नसलेली धूळ पुसली. बसलिंगप्पानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि, नवल म्हणजे, माझी चूक न काढताच वळला. दुकानातून तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे आणायला गेला.

लखननं गाडीचा मागचा भाग जॅकवर उचलला, खाली विटा लावल्या. शेडची दोन्ही दारं उघडी टाकली. बसलिंगप्पानं डबे ठेवता ठेवता खिशातून एक प्लॅस्टिकची नळी काढली. "ही टाकीत घाल, तोंडानं वढून घेतो म्या. घासलेट आसंच काढायचो आपण."

"अहो आबा, मरायचं हाय का? पोटात गेलं तर दवाखान्यात न्यावं लागंल, आन् गाडी तर बंद हाय," लखन म्हणाला. "खाली नट असतोय. तो ढिला केला की आपोआप येतंय. आन् ती बिडी बाहेर टाका. बाहेर म्हणजे गेटाच्या बाहेर."

बसलिंगप्पा चडफडत गेटापर्यंत गेला.

लखन पाठीवर झोपून गाडीखाली सरकला. मला म्हणाला, "काका, एक काचेची बरणी द्या. पैली धार काचेत धरू. रंग बघितला की कळतंय किती खराब झालंय." मी स्वयंपाकघरातून लोणच्याची रिकामी बरणी धुऊन पुसून आणली. तो खाली ठोकाठोक करत होता. नट घट्ट बसला होता. मी गाडीच्या मागं उकिडवा बसलो. माझं काम बरणी पुढं करायची आणि भरली की डबा सरकवायचा, एवढंच होतं. आठ वर्षांचं कोंडलेलं पेट्रोल कसं असेल, काळं असेल, वास कसा येईल म्हणून मी नाकाला उपरणं बांधून घेतलं होतं.

नट सुटला. धार आली. बरणी भरू लागली.

ती धार स्वच्छ होती. विहिरीतून पोहरा काढावा तशी. किंचित राखाडी झाक होती, बस्स. वास म्हणावा तर नव्हताच.

"हे काय?" लखन खालून ओरडला. त्यानं बोटावर थेंब घेतला, चोळला, नाकाशी नेला. मग नट पुन्हा आवळून गाडीखालून अर्धा बाहेर आला. "काका, ह्ये पाणी हाय!"

"पाणी?" बसलिंगप्पा परत आला होता. "टाकीत पाणी कुठनं आलं? भोक पडलंय का काय? पावसाचं?"

"झाकणाला कुलूप हाय, वर पत्रा हाय. पावसाचं कसं येईल?" लखननं बरणी उजेडात धरली. तळाशी करडं काहीतरी हळूहळू बसत होतं. त्यानं चिमटीत घेऊन बघितलं. "ह्यो गंज न्हाई. गंज लाल असतोय. ह्यो... राख हाय का काय? टाकीत राख कोण टाकल?"

मी उठून उभा राहिलो. पुन्हा खाली बसलो. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"विभूती असेल," मी म्हणालो.

दोघंही माझ्याकडे बघू लागले.

मग मला सांगावं लागलं. दसऱ्याला जगदेवी गाडी धुवायची, बोनेटवर विभूतीचे तीन पट्टे ओढायची, हार घालायची, नारळ फोडायची. पूजा झाली की विभूती घातलेलं तीर्थ. आमच्या घरी तीर्थ घेतल्याशिवाय कोणी उठत नाही. आधी मला, मग शेजारच्या पोरांना, आणि शेवटी ती मागं जाऊन टाकीचं झाकण उघडून एक पळी गाडीलाही द्यायची. "वर्षभर आपल्याला वढती, तिला नको व्हय?" असं म्हणायची. दसऱ्यानंतर एक-दोन दिवस गाडी चाकूरच्या रस्त्याला आचके द्यायची. तेव्हा ती म्हणायची, सणाचा शीण आहे, जाईल. आणि जायचा.

ती गेल्यावर तिचं जे जे मला ठाऊक होतं ते मी करत राहिलो. पण पळी एक की दोन, हे मला नीट आठवेना. मला कुठलंही माप कधी खात्रीनं आठवत नाही. कमी पडायला नको म्हणून मी दर दसऱ्याला पूजेचा छोटा तांब्या आख्खा ओतत आलो. चिमूटभर विभूती घालायची तिथं मूठभर घालून. आठ दसरे.

मग बसलिंगप्पा हसायला लागला. तो असा हसला की त्याला गाडीच्या टपाला धरून उभं राहावं लागलं. "आरं देवा! माणिकप्पा! गाडीला अभिषेक घालून राहिलास व्हय रे! आतनं!" लखनही गाडीखाली खदाखदा हसत होता, बरणी धरलेला त्याचा हात हलत होता. मीही हसलो, पण नजर त्या बरणीवरच होती. आठ वर्षं पत्र्याच्या टाकीत पाणी. मला यंत्रातलं काही कळत नसलं तरी पाण्यानं लोखंडाचं काय होतं ते कळतं.

लखननं नट पुन्हा ढिला केला. बरणी भरली. दुसरी रिकामी बाटली लावली, तीही पाण्यानं भरली. तिसरीत मात्र धार एकदम बदलली. आधी एक पिवळसर दोरा आला, मग तो जाड झाला, आणि मग कोऱ्या चहाच्या रंगाची धार वाहू लागली. वास असा आला की बसलिंगप्पाही मागं सरला. वॉर्निशसारखा, आंबूस, जुना. जगदेवीच्या पंपावरचा वास माझ्या आठवणीत होता. हा तो नव्हता.

लखननं डबा लावला आणि अर्धी भरलेली तिसरी बाटली माझ्या हातात दिली. "धरा काका."

मी ती दाराशी नेऊन उन्हात धरली.

खाली पाणी होतं. वर पेट्रोल. मधे एक रेघ, पट्टीनं आखल्यासारखी. मी बाटली तिरपी केली तर रेघ तिरपी न होता सपाटच राहिली. मग मला राहवलं नाही, मी बूच लावून बाटली जोरात हलवली. सगळं ढवळून निघालं, पाण्याचे मणी पेट्रोलमध्ये फिरू लागले, पेट्रोलचे पाण्यात. वाटलं, बिघडवलं मी. पण हळूहळू एकेक मणी उतरू लागला. एकेक वर जाऊ लागला. कोणी कोणाला अडवत नव्हतं. थोड्या वेळानं रेघ पुन्हा जागेवर आली. माझे डोळे भरून आले की काय ते मला त्या उन्हात कळलं नाही. आठ वर्षं अंधारात तिचं पेट्रोल माझ्या पाण्यावर असं टेकून उभं होतं आणि एक थेंबही एकमेकांत गेला नव्हता. असली गोष्ट शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. मलाही ठाऊक होती. पण ठाऊक असणं आणि हातात धरणं यात किती अंतर असतं हे मला इतक्या वयात, लोणच्याची बरणी आणि तेलाचे डबे यांच्यामध्ये, कळत होतं.

"काका, आता हसायचं सोडा," लखन म्हणाला. हसत तर तेच दोघं होते. "टाकी गेली बघा. येवढं पाणी बुडाला आठ वर्सं म्हणल्यावर पत्रा खाल्ला असंल. ह्या मॉडेलची टाकी आता मिळंल न मिळंल. न्हाई मिळाली तर मग गाडी भंगारात. खोटं कशाला बोलू."

त्यानं टाकी उतरवली. तिच्यातलं उरलंसुरलं ओतून काढलं, ताज्या पेट्रोलनं दोनदा हिसळली, आणि शेडच्या सावलीत उलटी करून वाळत ठेवली. जुनं पेट्रोल पुर्जे धुवायला म्हणून तो घेऊन गेला. बसलिंगप्पानं दारांच्या वाळवीसाठी एक डबा मागून घेतला. डबे गेटातून बाहेर जाताना मी पायरीवर उभा होतो.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. टाकी गेली असेल तर गाडी मारली ती मीच, हे उघड होतं. महानंदाला खरं लिहायचं तर हे लिहावं लागणार होतं, की तुझ्या अक्काच्या गाडीला मी पाणी पाजून मारलं. दुसरीकडे मनातला एक चोर म्हणत होता, बरंच झालं, आता कोणी न्यायला येणार नाही. त्या चोराकडे मी जास्त वेळ बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी लखन आला तेव्हा बसलिंगप्पा माझ्याआधी शेडमध्ये हजर होता. टाकी पुरती वाळली होती. पेट्रोल किती आहे ते दाखवणाऱ्या काट्याचा तरंगता गोळा काढला की वर मुठीएवढं भोक पडतं, तिथून आत बघता येतं. लखननं मोबाईलची बॅटरी लावली, एक डोळा मिटून आत बघितलं. बघतच राहिला.

"काय रे?" बसलिंगप्पा म्हणाला. "बोल की."

"काका, तुम्हीच बघा," लखन म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदा हळू झाला होता.

मी गुडघ्यावर बसलो. डोळा भोकाशी नेला. त्यानं बाजूनं उजेड धरला.

दाराबाहेरून वाकून गाभाऱ्यात बघावं तसं ते होतं. आधी काहीच दिसलं नाही. मग भिंती दिसू लागल्या. वरचा सगळा पत्रा स्वच्छ, फिकट, चमकणारा, जणू काल घडवलेला. गळ्यापर्यंत भरलेल्या पेट्रोलनं तिथं हवेला कधी शिरूच दिलं नव्हतं. खाली एक बारीक तांबडी कड होती, टाकीभर फिरलेली. पाणी आणि पेट्रोल जिथं भेटत होती तिथं तेवढीच. आणि कडेखाली, जिथं गंजाची खरूज असायला हवी होती, तिथं सगळ्या तळावर राखाडी पांढरा थर बसला होता. सारवल्यासारखा. इतका सारखा की हातानं कोणाला देता आला नसता. लखननं आत तार घालून एका जागी खरवडलं. थराखाली पत्रा पांढराशुभ्र निघाला.

मी किती वेळ तिथं वाकून होतो कोण जाणे. मी कधी फारसा देवळात गेलो नाही. लिंगपूजा घरीच करतो, तीही कधी कधी मन दुसरीकडे ठेवून. पण त्या टाकीच्या तोंडाशी मला श्वास मोठ्यानं घ्यायचीही भीती वाटली.

"महादेवानं राखली," बसलिंगप्पा मागून म्हणाला. त्यानं खरंच हात जोडले होते.

"आवो, तवाचा पत्रा जाड असतोय," लखन म्हणाला, पण त्यालाही ते पुरतं पटलेलं दिसलं नाही. "आन् तरी बी... म्या असं न्हाई बघितलं कवा. पाणी पत्र्याला खातंच."

माझ्या मनात एक गोष्ट येत होती. राखेचं पाणी अल्कधर्मी असतं, चुन्याच्या पाण्यात लोखंड लवकर गंजत नाही, असं कुठंतरी वाचलं होतं. मूठभर विभूती दर वर्षी. पण कुठं वाचलं, खरंच वाचलं की नाही, खात्री नव्हती. मी ते बोललो नाही. तिघांची तीन कारणं झाली असती आणि टाकी काही बोलणार नव्हती. मला कारणाची गरजही वाटत नव्हती. जगदेवीच्या एका पळीतून आणि माझ्या आठ तांब्यांच्या अडाणीपणातून हे घडलं होतं, आणि ते मोडलं नव्हतं.

लखननं तळ घासून धुतला, टाकी जागेवर चढवली. नळ्या बदलल्या, पेट्रोलच्या पंपातला फाटलेला पडदा बदलला, कार्बोरेटर सोडवून साफ केला. नवी बॅटरी आणली. टायरांत हवा भरली, एक भरेना, तिथं दुसरा चढवला. बसलिंगप्पा मधे मधे सल्ले देत होता आणि लखन मधे मधे "हाव आबा, हाव" म्हणत स्वतःचंच करत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं नवं पेट्रोल घातलं आणि मला म्हणाला, "बसा काका."

मी डावीकडचं दार उघडून बसलो. सीटचा स्पंज तसाच, एका बाजूला दबलेला. लखन चालकाच्या जागी बसला. त्यानं किल्ली फिरवली.

घर्र-घर्र-घर्र. काही नाही.

पुन्हा. काही नाही.

"झोपलीय अजून," बसलिंगप्पा खिडकीत डोकं घालून म्हणाला. "माणिकप्पा, एक तांब्या आणू का?"

"आबा, डोकं काढा भाईर." लखननं चोक ओढला. थोडा वेळ थांबला. पुन्हा किल्ली फिरवली. घर्र-घर्र, आणि कुठंतरी खोल एक ठसका. मग दुसरा. मग सगळी गाडी एकदम हादरली, मागून निळ्या धुराचा लोट शेडबाहेर गेला, बसलिंगप्पा "आयो!" म्हणत उडी मारून बाजूला झाला, आणि इंजिन चालू राहिलं.

ते चालू राहिलं. बंद पडेल म्हणून मी वाट बघत होतो, पण ते चालूच होतं. माझ्या पायाखालचा पत्रा थरथरत होता. समोरच्या खणाचं झाकण खडखडत होतं, त्या खास तालावर, जो मी वीस वर्षं पुस्तकातल्या ओळींबरोबर ऐकत आलो होतो आणि ज्याची आठवण आहे हेही मला ठाऊक नव्हतं. माझ्या हातांवर काटा आला. आठ वर्षं ज्याला मी मेलेलं किंवा जिवंत म्हणायला धजलो नाही, ते माझ्याखाली श्वास घेत होतं. हे लोखंड आहे, ठिणगी आहे, वाफ आहे, एवढं मला कळतं. पण त्या क्षणी ते एवढंच आहे असं कोणी म्हटलं असतं तर मी, जो कधी कोणाशी वाद घालत नाही, वाद घातला असता.

लखननं गाडी गल्लीतून बाहेर काढली, मोठ्या रस्त्याला एक फेरी मारली. मी काचेतून बाहेर बघत होतो. मला वाचायला पुस्तक नव्हतं आणि नकोही होतं. परत येताना तो म्हणाला, "काका, इंजिन लई गोड हाय. पर एक सांगतो. आता हिला परत उभी करू नका. हप्त्यातनं दोनदा तरी चालवायची, लांब. न्हाईतर पेट्रोल परत तसंच हुतंय, आन् परत परत काय असली टाकी निघत न्हाई."

"चालवायची," मी म्हणालो.

"हाव. चालवायचीच वस्तू हाय की ही."

शेडमध्ये गाडी लावून तो गेला. बसलिंगप्पा दाराशी उभा होता. "आता?" त्यानं विचारलं. नेहमीसारखा टोमणा नव्हता त्यात.

"आता पत्र," मी म्हणालो.

"काय लिवणार?"

"खरं."

त्यानं मान डोलावली. मग म्हणाला, "शेडमंदी माझे डबे ठिवीन म्या. रिकामं नगं वाटाया."

दुसऱ्या दिवशी सकाळी आंतरदेशीय पत्र घेऊन बसलो. 'बहुधा' हा शब्द एकदा आला, तो खोडला. मग पत्र पुन्हा नव्यावर उतरवून घेतलं, खोडलेलं तिला दिसू नये म्हणून.

'चि. महानंदा हीस अनेक आशीर्वाद. उत्तराला फार उशीर झाला. जगदेवीची गाडी चालू होते. मी स्वतः आत बसून पाहिलं. टाकीत काय काय निघालं ते भेटल्यावर सांगीन, हसशील. गाडी नांदेडला घेऊन जा आणि रोज चालव. कागदपत्रं पिशवीत काढून ठेवली आहेत. तू येशील त्या दिवशी मला शेजारी बसायला जागा असली तर मीही नांदेडपर्यंत येईन, चार दिवस राहीन. तू हो म्हणालीस तरच.'

शेवटचं वाक्य काढावं असं वाटलं. ते तसंच राहू दिलं.

पोस्टात जाऊन पत्ता दोनदा वाचला. पिनकोड बरोबर आहे का, असं खिडकीतल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, बरोबर आहे. मग बाहेरच्या लाल पेटीत पत्र टाकलं. हात थोडा वेळ पेटीच्या तोंडातच राहिला. डाकेची पिशवी उचलून बाहेर पडणारा पोस्टमन माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, आजची डाक काढली म्या. तुमचं आता उद्या जाईल."

"जाऊ द्या," मी म्हणालो, आणि हात बाहेर काढला.